चंद्र तोच, मग इथली भरती वीतभरच का?

कोकणात वाढलेल्या माणसाला एक खोड असते. किनाऱ्याने चालायचं म्हटलं की आधी भरतीची वेळ बघायची. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत गेलात आणि गप्पांत रमलात, तर परत यायला होडी शोधावी लागते. त्याच सवयीने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, नीसजवळच्या बोल्यू गावात, मुक्कामाच्या ठिकाणी बाईंना विचारलं, "सुकती किती वाजता?" दोनदा समजावून सांगितलं, तरी त्यांना प्रश्नच कळला नाही.

वाटेवर पाऊल टाकल्यावर कारण दिसलं. बोल्यूहून सँ-जाँ-काप-फेरा गावापर्यंतची वाट सपाट, बाबागाडी ढकलत जावी इतकी सोपी. पुढे ती पांढऱ्या चुनखडीच्या कड्यांना धरून भूशिराला वळसा घालते आणि दीपगृहाखालून जाते. १९७६च्या फ्रेंच कायद्याने समुद्रालगतच्या खासगी जमिनीतूनही ३ मीटरची पट्टी पादचाऱ्यांना खुली केली, म्हणून कोट्यधीशांच्या कुंपणाबाहेरून आपण खुशाल चालतो. काही ठिकाणी पाणी पायाखाली हाताच्या अंतरावर असतं, आणि तिथेच राहतं. मुंबईजवळ इतकी खाली वाट बांधली तर दिवसातून दोनदा बुडेल. तिथे उधाणाला पाणी चार-पाच मीटर वरखाली होतं. इथे जेमतेम वीतभर.

"भूमध्य समुद्रावर चंद्राची ओढ कमी पडते" असं एकाने मला सांगितलं होतं. चंद्र असा भेदभाव करत नाही. घोटाळा आहे तो चंद्र पाणी उचलतो या आपल्या शाळकरी चित्रात. चंद्राचं भरती आणणारं बल पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या साधारण एक कोटीवा भाग असतं. त्याने पाणी उचललं जात नाही. पण तेच बल आडवं लागलं की त्याला अडवायला कोणी नसतं, आणि पाणी बाजूला सरकायला लागतं. लांबलचक परातीत पाणी घ्या आणि एक कड केसभर उचला, तसं. चंद्र समुद्राची परात किती तिरपी करतो? १०० किलोमीटरमागे फार तर १ सेंटिमीटर. म्हणजे भरती मोठी हवी तर परात लांब हवी. सिसिली आणि ट्युनिशियामधल्या चिंचोळ्या भागाने भूमध्य समुद्राचे दोन तुकडे केलेत. पश्चिमेकडचा तुकडा सुमारे १५०० किलोमीटर लांब. टोकापासून टोकापर्यंत फरक १५ सेंटिमीटर, तोही मध्यावर शून्य. झाली वीत!

मग अटलांटिकची दांडगी भरती आत का शिरत नाही? शिरते, पण दारातून. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी १४ किलोमीटर रुंद आहे आणि तिचा उंबरठा सुमारे ३०० मीटर खोलीवर आहे. आतला समुद्र २५ लाख चौरस किलोमीटरचा. तो सहा तासांत १ मीटर चढवायचा तर सेकंदाला ११ कोटी घनमीटरहून जास्त पाणी आत यायला हवं. ॲमेझॉनसारख्या पाचशेहून अधिक नद्या एकदम. ढोबळ हिशेबाने त्या दारात पाण्याची धार ताशी १०० किलोमीटरने धावावी लागेल. तेवढ्यात ओहोटी लागते.

(इथे एक जुनी खाज भागवून घेतो. "माणसाच्या शरीरात ७० टक्के पाणी, म्हणून पौर्णिमेला मनालाही भरती येते" हा संदेश दर महिन्याला येतो. १५०० किलोमीटरच्या समुद्रात जिथे वीतभर, तिथे पावणेदोन मीटरच्या देहात किती, हे त्रैराशिक ज्याने त्याने मांडावं.)

भूमध्य समुद्रातही अपवाद आहेत. ट्युनिशियाच्या गाबेसच्या आखातात पाणी दोन मीटरपर्यंत चढतं, व्हेनिसला मीटरभर. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्के दिले की झोका वाढतो, तसं काही आखातांच्या लांबी-खोलीची लय भरतीच्या लयीच्या जवळ येते. मुंबईसमोरचा उथळ, रुंद समुद्रतळही असाच आत येणारी भरती फुगवतो. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढणाऱ्या आपल्या कोळ्यांचं गणित जमतं, कारण तिथे चंद्राचा शब्द चालतो.

नीसला मात्र त्याचा शब्द हवामानापुढे फिका पडतो. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण १ सेंटिमीटर वर येतो. वादळापूर्वी दाब २०-२५ने पडला, तर संपूर्ण भरतीएवढं पाणी तेवढ्यानेच चढतं, वर लाटा वेगळ्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ढग दाटले आणि आदल्या दिवशीच्या कोरड्या पायऱ्यांवर पाणी आपटत होतं. परत आलो तर बाई भिंतीवरच्या दाबमापकाला बोटाने टिचकी मारून बघत होत्या. मला म्हणाल्या, "आज दीपगृहाकडे नका जाऊ." चतुर्थी होती, आमच्या हिशेबाने भरती दुपारी तीनला.