ग्रॅज्युएट स्कूलमधील पीएच.डी.

पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला एकट्या मार्गदर्शकाच्या हवाली न करता संस्थेनेच त्याची जबाबदारी घेण्याच्या पद्धतीला ग्रॅज्युएट स्कूल किंवा संरचित पीएच.डी. म्हणतात. प्रवेश, कोर्सवर्क (म्हणजे संशोधनासाठी वर्गात शिकायचे विषय), सल्लागार समिती, प्रगतीचा आढावा, सबमिशनची मुदत हे सगळे संस्था आखून देते. विषय आणि प्रबंध अर्थातच ज्याचा त्याचा.

जर्मन विद्यापीठांत डॉक्टरेट म्हणजे एका प्राध्यापकाच्या हाताखालची दीर्घ उमेदवारी असे. अमेरिकेत येल विद्यापीठाने 1861 मध्ये पहिली पीएच.डी. दिली. पुढे 1876 मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्सने संशोधनाला विद्यापीठाचे मुख्य काम मानले आणि तिथे वर्ग, सेमिनार, परीक्षा यांची चौकट रुळली. गंमत म्हणजे जर्मनीलाही नंतर हीच वाट धरावी लागली: तिथल्या संशोधन परिषदेने 1990 पासून गटाने पीएच.डी. करण्याच्या योजनांना अनुदान द्यायला सुरुवात केली.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनी कोर्सवर्क सक्तीचे केले. त्याआधी अनेक ठिकाणी रजिस्ट्रेशन झाले की पुढचे गाइड जाणे आणि विद्यार्थी जाणे, असाच कारभार होता. सध्या लागू असलेले 2022 चे नियम किमान 12 क्रेडिटचे कोर्सवर्क, दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण आणि किमान 3 ते कमाल 6 वर्षांचा कालावधी सांगतात. म्हणजे ग्रॅज्युएट स्कूल ही पाटी नसली, तरी तिचा सांगाडा आता प्रत्येक विद्यापीठाला उभा करावाच लागतो. त्यात जीव किती, हा प्रश्न वेगळा.

नवी मुंबईत या पद्धतीची दोन रूपे हाकेच्या अंतरावर आहेत. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. तिथले विद्यार्थी होमी भाभा राष्ट्रीय संस्था या 2005 मध्ये स्थापन झालेल्या अभिमत विद्यापीठाची पदवी घेतात. अणुऊर्जा विभागाच्या अनेक संस्था या एकाच छत्राखाली येतात. नवीन पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था मात्र स्वतः पदवी देत नाही. संशोधन तिथे, नोंदणी विद्यापीठाकडे, अशी तिथली रीत. दोन कार्यालयांचे कागद सांभाळायचे म्हणजे काय, हे अशा व्यवस्थेतला कुठलाही विद्यार्थी सांगेल.

या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ म्हणून कोर्सवर्कचे नाव घेतले जाते. ते अर्धेच खरे आहे. संख्याशास्त्र, संशोधनपद्धती, संशोधन आणि प्रकाशनाची नीतिमत्ता हे शिकून घ्यावेच, पण खरा फायदा असा की ‘गाइड म्हणेल ती पूर्व दिशा’ ही अवस्था संपते. समितीतली इतर माणसे गाइडला जड जाणारे प्रश्नही विचारू शकतात. समजा, एखादी विद्यार्थिनी पेशींमधले एक प्रथिन औषधाने कमी झाले असे वेस्टर्न ब्लॉट या, प्रथिने पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीच्या चित्रावरून दाखवते आहे. पट्टा फिकट झालेला स्पष्ट दिसतो. समितीतले एक सर विचारतात, “खालचा अ‍ॅक्टिनचा पट्टा कुठे आहे?” अ‍ॅक्टिन हे पेशींत साधारण सारख्याच प्रमाणात असणारे प्रथिन. औषध दिलेला आणि न दिलेला, असे दोन्ही नमुने सारखेच भरले होते याचा पुरावा त्या दुसऱ्या पट्ट्यात असतो. तो नसेल तर निष्कर्ष हवेतच. हा प्रश्न दुसऱ्या वर्षी आला तर प्रयोग पुन्हा करता येतो. तोच व्हायवाच्या, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी आला, तर मग काही खरे नाही.

गाइड निवृत्त झाले, परदेशी गेले किंवा दोघांचे पटेनासे झाले, तरी विद्यार्थी संस्थेचाच राहतो. निवृत्तीला 3 वर्षांहून कमी उरलेल्या प्राध्यापकांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत, हा नियमही याच काळजीतून आलेला. स्त्री संशोधकांना 2 वर्षांची वाढीव मुदत आणि 240 दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा मिळते. लग्नामुळे गाव बदलले तर काम दुसऱ्या संस्थेत नेण्याचीही सोय आहे. गाइडच्या मर्जीवर राहिले असते, तर यातले किती पदरात पडले असते?

सोबतच्या बॅचचाही आधार असतो. जर्नल क्लबमध्ये दुसऱ्यांच्या पेपरची चिरफाड करता करता स्वतःचा पेपर लिहायचा हात बसतो. शिवाय फेलोशिपचे पैसे रखडलेत की आपलाच अर्ज अडकलाय, हे कँटीनमध्ये पाच मिनिटांत कळते.

उणिवाही आहेत. चौकट कागदावरच राहिली, तर सहा महिन्यांचा आढावा म्हणजे सह्यांची मोहीम होते. इतिहास किंवा साहित्यात काम करणाऱ्याला जुनी दफ्तरे धुंडाळायला वर्ष-दीड वर्ष लागते. त्याला दर सत्राला ‘प्रगती’ दाखवायला लावणे जाचकच. सर्वाधिक ओढाताण होते ती ठाणे, कल्याण, वाशीच्या महाविद्यालयांत शिकवता शिकवता पीएच.डी. करणाऱ्यांची. सकाळची लेक्चरे आटोपून ट्रान्सहार्बर लोकल पकडायची आणि दुपारच्या कोर्सवर्कला हजर व्हायचे, ही कसरत सत्रभर चालते. अर्धवेळ पीएच.डी.ला 2022 च्या नियमांनी मुभा दिली आहे. मात्र त्यासाठी नोकरीच्या ठिकाणचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कर्मचाऱ्याला मोकळे केले जाईल, असे त्यात लिहून द्यावे लागते.