सर्व्हर पडला? बटणाला हात लावण्याआधी मोबाईल काढा

"सर्व्हर पडला होता, बंद करून चालू केला, आता चालतोय. पण पडला कशानं ते सांगा की." हा फोन उद्यमबागेतून येतो, खानापुरातून येतो, निपाणीहूनही येतो. गेटवर ट्रक उभा आणि चलन निघत नाही, अशा वेळी कोण थांबणार? घाई कळते. पण कर्नल, म्हणजे सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, पॅनिक झाला असेल, म्हणजे मोठ्या चुकीमुळं स्वतःच थांबला असेल, तर कारण बऱ्याचदा फक्त पडद्यावर आणि मेमरीत असतं. बटण दाबलं की दोन्ही पुसलं जातं. मग आम्ही येऊन बघायचं काय?

तेव्हा आधी मॉनिटर जोडा आणि पडद्याचा फोटो काढा, अक्षरं वाचता येतील असा. घड्याळात किती वाजले ते लिहून ठेवा. शेजारच्या कॉम्प्युटरवरून पिंग लागतो का, म्हणजे हाक मारली की सर्व्हर नेटवर्कवर उत्तर देतो का, बघा. पिंग लागतोय पण लॉगिन होत नाही, तर सर्व्हर मेलेला नाही, कुठंतरी अडकलाय. मग आम्हाला फोन, आणि बटण त्यानंतर. पाच मिनिटांचं काम आहे.

आधीच रीस्टार्ट मारला असेल तर निदान पुन्हा मारू नका. आणि डिस्कवर जागा करायची म्हणून लॉग, म्हणजे सर्व्हर स्वतःच्या नोंदी लिहितो त्या फायली, तर अजिबात उडवू नका. चालू प्रोग्रॅमनं उघडलेली फाईल उडवली तरी जागा सुटत नाही, पुरावा तेवढा जातो.

लॉगमध्ये आम्ही आधी शेवट बघतो. शटडाऊनची नोंद असेल तर कुणीतरी रीतसर बंद केलाय. लॉग मध्येच तुटला असेल तर वीज, पॉवर सप्लाय किंवा पॅनिक. 'आउट ऑफ मेमरी' दिसलं तर बऱ्याचदा सर्व्हर पडलेलाच नसतो. मेमरी संपली म्हणून कर्नलनं एखादा प्रोग्रॅम, बऱ्याचदा डेटाबेस, बंद पाडलेला असतो. लगेच रॅम घ्या, असं आम्ही म्हणत नाही. आधी मेमरी कोण खातंय ते बघतो. एका पतसंस्थेत सगळ्यांचा संशय व्हायरसवर होता. लॉग दर वेळी वळवाच्या पावसात, लाईट गेली की तुटायचा. यूपीएसची बॅटरी फुगली होती.

'फॉरमॅट मारून टाका' म्हणणारे स्वस्तात पडतात हे मान्य. पण फॉरमॅटनं बॅटरी बदलत नाही. आम्ही शोधायचे तासावर पैसे घेतो, आणि फोटो असला की तास कमी लागतात, हे तुमच्याच फायद्याचं आहे.

वार्षिक करारातल्या ग्राहकांकडे आम्ही केडंप बसवून देतो. पॅनिक झाला की राखून ठेवलेल्या मेमरीतून दुसरा छोटा कर्नल उठतो आणि पहिल्याची मेमरी डिस्कवर उतरवतो. ही जागा आधीच राखावी लागते. पडल्यावर बसवून त्या वेळचं काही हाती लागत नाही. लॉगची प्रतही दुसऱ्या मशीनवर जाते. करार नसला तरी एकदाच येऊन एवढं करून देतो, विचारा.

व्हॉट्सॲपवर मराठीत लिहा, कन्नडात लिहा, चालतं. पडद्यावरचं मात्र टाईप करून पाठवू नका, फोटोच हवा.