डेट्रॉइट नदीतील वसंती वॉलआय मासेमारी

डेट्रॉइट नदीतील वसंती वॉलआय मासेमारी : अमेरिकेतील मिशिगन राज्य आणि कॅनडातील ऑन्टारियो प्रांत यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या डेट्रॉइट नदीत दरवर्षी साधारणतः मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत चालणारी हौशी गळमासेमारी. हंगामाचा भर एप्रिलमध्ये असतो. एका काठाला डेट्रॉइट, दुसऱ्या काठाला विंडसर, मधून मालवाहू जहाजांचा मार्ग आणि त्याच पाण्यात शेकडो छोट्या मोटरबोटी, अशा गर्दीत ही मासेमारी होते. दाट औद्योगिक वस्तीला इतकी खेटून चालणारी वॉलआय मासेमारी उत्तर अमेरिकेत क्वचितच आढळते.

वॉलआय (सँडर व्हिट्रियस) हा पर्सिडी कुलातील गोड्या पाण्यातला शिकारी मासा. या कुलातील एकही जाती भारतातील नद्यांत मूळची नाही. ऑन्टारियोत त्याला पिकरेल, क्वेबेकच्या फ्रेंचमध्ये दोरे आणि अनिशिनाबे लोकांच्या भाषेत ओगा म्हणतात. डोळ्याच्या जालपटलामागे प्रकाश परावर्तित करणारा थर असल्याने तो गढूळ पाण्यात आणि संधिप्रकाशात चांगले पाहू शकतो. रात्री विजेरीच्या झोतात त्याचे डोळे दुधी काचेसारखे चमकतात. मादी नरापेक्षा बरीच मोठी होते. मासा घरटे बांधत नाही व अंड्यांची राखणही करत नाही. मादी खडीवर अंडी मोकळी सोडते आणि ती दगडांच्या फटींत रुजतात.

वर्गीकरण : सॅम्युएल मिचिल यांनी १८१८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील केयुगा सरोवरातल्या नमुन्यावरून या जातीचे पर्का व्हिट्रिया या नावाने वर्णन केले. पुढे विसाव्या शतकातील बहुतेक ग्रंथांत तिचा अंतर्भाव स्टायझोस्टेडियन या प्रजातीत होता. हे नाव रॅफिनेस्क यांचे, १८२० चे. ओकेन यांचे सँडर हे नाव १८१७ चे, म्हणजे आधीचे असल्याने नामकरणाच्या अग्रक्रमाच्या नियमाने ते ग्राह्य ठरले आणि २००३ च्या सुमारास अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञांनी ते स्वीकारले. जुन्या संदर्भग्रंथांत दोन्ही नावे दिसतात, तेव्हा मासा एकच आहे हे ध्यानात ठेवावे.

यापेक्षा गुंतागुंतीचा वाद ‘ब्लू पाइक’ या निळसर करड्या माशाचा आहे. ईअरी सरोवराच्या मध्य व पूर्व भागातील खोल पाण्यात तो विपुल होता. कार्ल हब्ज यांनी १९२६ मध्ये त्याला स्वतंत्र जाती मानले, नंतर तो वॉलआयची उपजाती गणला गेला. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याची व्यापारी पकड कोसळली आणि १९८३ मध्ये तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले. मोठे व एकमेकांच्या जवळचे डोळे हे त्याचे वेगळेपण सांगितले जाई. जतन केलेल्या नमुन्यांच्या डीएनएवरून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हापोन्स्की व स्टेपिएन यांच्या अभ्यासात मात्र त्याला वेगळा वर्ग मानण्याजोगा आनुवंशिक फरक आढळला नाही. बाह्य लक्षणांवर भर देणारे अभ्यासक हा निष्कर्ष सरसकट मान्य करत नाहीत. तरीही आनुवंशिक पुराव्याचे पारडे अधिक जड वाटते. निळसर झाक एवढ्यावरून मासा ब्लू पाइक ठरवणे तर सर्वथा अयोग्य होय, कारण उत्तरेकडील काही सरोवरांतील वॉलआयच्या अंगावरील श्लेष्मातही निळे रंगद्रव्य सापडले आहे.

नदी : डेट्रॉइट नदी ही खरे पाहता सेंट क्लेअर व ईअरी या दोन सरोवरांना जोडणारी सामुद्रधुनी आहे. तिची लांबी वरचे मुख कोठे धरावे यानुसार ४४ ते ५१ किमी. दिली जाते. सरासरी विसर्ग सेकंदाला सुमारे ५,३०० घ.मी. इतका प्रचंड, पण पातळीतील उतार जेमतेम एक मीटर. पाण्याला वरून खाली यायला एक दिवसही लागत नाही. मार्चमध्ये सेंट क्लेअर सरोवरातील बर्फ फुटले की त्याचे तुकडे प्रवाहाबरोबर खाली येतात आणि बोटींना काही दिवस काठावरच थांबावे लागते. ईशान्येचा जोराचा वारा त्याच सरोवराचा तळ ढवळून काढतो. मग नदी चहासारखी गढूळ होते आणि मासा गळाला लागेनासा होतो. १९८८ मध्ये सेंट क्लेअर सरोवरात सापडलेल्या झेब्रा शिंपल्यांमुळे पाणी एरवी पूर्वीपेक्षा पुष्कळ नितळ झाले आहे. अंधुक प्रकाश पसंत करणारा मासा त्यामुळे दिवसा खोल धारेत किंवा गढूळ आणि स्वच्छ पाणी जेथे मिळते त्या रेषेवर राहतो, आणि जाणकार बोटवाले ती रेषाच शोधत फिरतात.

माशांची चढण : कोकणात पहिल्या पावसाच्या लोंढ्याबरोबर मासे वलगणीला चढतात, येथे इशारा तापमानाचा असतो. पाणी ५–६° से. च्या पुढे गेले की नर खडीवर जमू लागतात. ६ ते १० अंशांच्या दरम्यान अंडी घातली जातात. हंगामात लवकर पकडलेल्या माद्यांचे पोट गाभोळीने टणक असते, एप्रिलअखेरीस त्या रित्या होऊन सरोवराकडे परततात.

हे मासे कोठले, हा येथील सर्वांत जुना प्रश्न आहे. एका मतानुसार नदी हा केवळ रस्ता आहे : ईअरीच्या पश्चिम भागातील खडकाळ उथळांवर आणि त्या सरोवराला मिळणाऱ्या मॉमी नदीत वाढलेले मासे तिच्यातून ये-जा करतात. खुणेचे बिल्ले लावून केलेल्या व अलीकडे ध्वनिप्रेषक बसवून केलेल्या अभ्यासांत हे मासे सेंट क्लेअर सरोवरात, काही तर ह्यूरन सरोवरापर्यंत गेल्याचे दिसले आहे, त्यामुळे या मताला भक्कम आधार आहे. दुसऱ्या मतानुसार नदीत स्वतःची प्रजननक्षेत्रे होती आणि आहेत. जहाजांसाठी लिव्हिंगस्टोन चॅनेल (१९१२) खोदताना नदीच्या खालच्या भागातील चुनखडकाचा तळ फोडण्यात आला, काही भाग तर बांध घालून, पाणी उपसून, कोरड्यात कापला गेला. माशांना अंडी घालायला लागणारी खडी व कपारी त्यात मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या. त्याची भरपाई म्हणून बेल आयलजवळ (२००४), फायटिंग आयलंडजवळ (२००८) आणि ग्रासी आयलंडजवळ (२०१५) दगडांचे कृत्रिम थर टाकण्यात आले. ते प्रामुख्याने लेक स्टर्जन माशासाठी होते, पण त्यांवर वॉलआयची अंडीही मिळाली. त्यामुळे दोन्ही मते परस्परविरोधी मानण्याचे कारण उरत नाही. वसंतातील गर्दी बहुतांशी ईअरीच्या माशांची, आणि त्यांतील काही येथेच अंडी घालतात, असे मानणे सयुक्तिक आहे. ईअरीत ज्या वर्षी पिल्ले भरपूर जगली (उदा., १९८२, २००३), त्यानंतरच्या काही वर्षांत नदीतील पकडही वाढते, ही गोष्ट याच निष्कर्षाशी जुळते.

पद्धती : दिवसा प्रचारात असलेली पद्धत उभ्या दोरीची. १४ ते २१ ग्रॅ. वजनाच्या शिशाच्या डोक्याच्या गळाला (जिग) प्लॅस्टिकचा मासा किंवा एमराल्ड शायनर ही छोटी चंदेरी मासळी लावतात. बोट प्रवाहाबरोबर वाहू द्यायची आणि नाळेवरच्या (बोटीच्या पुढच्या टोकावरच्या) विजेच्या मोटरने तिचा वेग पाण्याच्या वेगाशी असा जुळवायचा की दोरी सरळ खाली उभी राहील. सगळे कसब यातच आहे. दोरी तिरपी झाली की गळ तळ सोडतो किंवा तळाशी अडकतो, आणि या नदीच्या तळाशी अडकायला तारा, टायर, कारखान्यांची मळी असे बरेच काही आहे. शिसे तळाला टेकवून चार बोटे उचलायचे, पुन्हा टेकवायचे. वॉलआय हिसका क्वचितच देतो, बहुधा दोरी नुसती जड लागते, आणि तेवढ्यावर काठी उचलावी लागते. आमिषाच्या मागच्या टोकालाच तोंड लावणाऱ्या माशांसाठी मागे एक जादा छोटा गळ बांधतात.

दुसरी पद्धत हातदोरीची, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची. कारण डेट्रॉइट व सेंट क्लेअर या नद्यांबाहेर ती फारशी रुजली नाही. तीत काठी नसते. बोटीच्या कडेला बसवलेल्या स्प्रिंगच्या रिळावर बारीक तार गुंडाळलेली असते, तारेच्या टोकाला सुमारे ४५० ते ६८० ग्रॅ. शिसे आणि त्याच्या वर ठरावीक अंतरावर वेगवेगळ्या लांबीच्या उपदोऱ्या, प्रत्येकीला एक लाकडी किंवा प्लॅस्टिकचा बनावट मासा. बोट प्रवाहाविरुद्ध अगदी सावकाश चढवतात. मासेमार तार हातात धरून हात पुढेमागे करत राहतो, दर झोक्याला शिसे तळाला लागते की नाही ते बोटांना कळते. मासा लागला की तार सोडून देतात, रीळ ती आपोआप ओढून घेते. शेवटची उपदोरी मात्र हातानेच, वेटोळी बोटीत पाडत ओढावी लागते. अंधारात व गढूळ पाण्यात ही पद्धत उभ्या दोरीपेक्षा सरस मानली जाते.

हातदोरीच्या उगमाची माहिती मुख्यतः तोंडी परंपरेतून आली आहे. सुरुवातीची रिळे चावीच्या ग्रामोफोनमधील स्प्रिंगा काढून बनवली जात, असे जुने मासेमार सांगत आले आहेत. यंत्ररचना पाहता ते पटण्यासारखे आहे, आणि कालनिश्चितीलाही त्याची मदत होते. चावीचे ग्रामोफोन विसाव्या शतकाच्या आरंभीच घरोघरी पोहोचले आणि १९२५ नंतर विजेवरची यंत्रे आल्यावर हळूहळू अडगळीत गेले. तेव्हा स्प्रिंगचे रीळ बहुधा दोन महायुद्धांच्या दरम्यान रूढ झाले असावे. वजन बांधून हाताने दोरी ओढण्याची पद्धत यापेक्षा बरीच जुनी आहे, म्हणून रिळाचा काळ हा सबंध पद्धतीचा काळ समजू नये. मोटारकारखान्यांतील कुशल कामगारांनी हे रीळ घडवले, असेही म्हटले जाते. डेट्रॉइटमध्ये धातुकाम जाणणारे हात विपुल होते हे खरे. मात्र एवढ्यावरून श्रेय एकाच गटाला देता येत नाही.

गर्दी व जहाजवाहतूक : नेहमीची ठिकाणे म्हणजे बेल आयलचा परिसर, अँबॅसडर पूल (१९२९) व त्याखालील धार, वायनडॉटसमोरचे पाणी आणि ग्रोस ईल बेटाच्या पश्चिमेचा ट्रेंटन चॅनेल. एप्रिलमधील रविवारी ट्रेंटनला बोट पाण्यात उतरवण्याच्या धक्क्यावर उजाडण्यापूर्वीच रांग लागते. सर्व बोटी एकाच दिशेने वाहत खाली जातात आणि कडेने, लाटा न उठवता, पुन्हा वर येतात. हा अलिखित नियम मोडणाऱ्याला चारी बाजूंनी बोल ऐकावे लागतात. मुख्य धारेतून तीनशे मीटरपर्यंत लांबीची मालवाहू जहाजे जातात. त्यांना थांबणे किंवा वळणे शक्य नसते, पाच आखूड भोंगे म्हणजे धोक्याचा इशारा. याच धारेत चालत्या जहाजांना टपाल पोहोचवणारी वेस्टकॉट कंपनीची बोट (कंपनीची स्थापना १८७४) काम करते, तिला ४८२२२ हा स्वतंत्र पिन क्रमांक आहे. पाणी अतिथंड असल्याने पडलेला माणूस काही मिनिटांतच हातपाय हलवू शकत नाही. तरंगजाकीट अंगात असणे यासाठी अत्यावश्यक. काठावरून गळ टाकणारे डेट्रॉइटचा नदीकाठचा पादचारी मार्ग, बेल आयलचे धक्के आणि ट्रेंटनचे एलिझाबेथ पार्क येथे जमतात. मे महिन्यात व्हाइट बास माशांचे थवे आले की काठावरची गर्दी आणखी वाढते.

प्रदूषण व पुनरुज्जीवन : आजची मासेमारी पाहून या नदीच्या पूर्वीच्या अवस्थेची कल्पना येत नाही. डेट्रॉइटचे सांडपाणी १९४० पर्यंत प्रक्रियेविना सोडले जाई. १९४८ च्या हिवाळ्यात तेलाच्या तवंगाने सुमारे अकरा हजार पाणपक्षी मेले. नॉर्व्हाल्ड फिम्राइट या संशोधकाने सेंट क्लेअर सरोवराच्या माशांतील पाऱ्याचे वाढलेले प्रमाण उघड केल्यावर १९७० मध्ये तेथील व्यापारी मासेमारी बंद झाली. पाऱ्याचा मोठा उगम ऑन्टारियोतील सार्निया येथील क्लोरीन–अल्कली कारखान्यात होता. १९७२ चा स्वच्छ जल कायदा, त्याच वर्षीचा अमेरिका–कॅनडा जलगुणवत्ता करार आणि १९७६ पासून ईअरीच्या वॉलआयसाठी राज्ये व प्रांत यांनी मिळून ठरवलेला कोटा, या तिहींचा परिणाम एकत्रच मोजावा लागतो. २००१ मध्ये येथे आंतरराष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान स्थापन झाले. तळातील गाळात जुने रासायनिक अंश अद्याप आहेत, म्हणून मिशिगनचा आरोग्य विभाग माशाच्या जातीनुसार व आकारानुसार किती खावे याचा सल्ला प्रसिद्ध करतो. कातडी व चरबी काढल्याने पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल ही घातक औद्योगिक रसायने) कमी होतात. पारा मांसातच असल्याने कमी होत नाही.

नियम : मिशिगनच्या बाजूला वॉलआयसाठी वर्षभर मुभा आहे, किमान लांबी १५ इंच (३८ सेंमी.) व माणशी दिवसाला सहा मासे अशी मर्यादा आहे. मर्यादांचा वेळोवेळी फेरविचार होतो. सीमारेषा नदीच्या मधून जाते आणि वाहती बोट ती सहज ओलांडते. कॅनडाच्या पाण्यात गळ टाकायचा तर ऑन्टारियोचा स्वतंत्र परवाना लागतो व तेथील मर्यादा लागू होतात.