खुणेचे वय

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात धनुष्यबाणाने हरणांची शिकार करण्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो आणि बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम नोव्हेंबरच्या उत्तरार्धात येतो. या दोन-सव्वादोन महिन्यांत रान तेच असते, पांढऱ्या शेपटीचे हरीणही तेच असते, पण त्याचे खाणे, त्याचे सोबती आणि त्याच्या ये-जा करण्याच्या वाटा एकामागून एक बदलत जातात. त्यामुळे ऑगस्टमध्ये माग काढायला निघालेल्या माणसाला खूण सापडली एवढ्यावर समाधान मानता येत नाही. ती किती जुनी आहे आणि अजून किती दिवस खरी राहील, हेही ठरवावे लागते.

ऑगस्टमधला माग बहुतेक वेळा सोयाबीनच्या शेतापासून सुरू होतो. हिरवे, कोवळे सोयाबीन म्हणजे हरणांसाठी प्रथिनांचे आयते ताट असते, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. तिथे नीलगाय आणि काळवीट ते काम करतात. हे खाणे हरणाचेच आहे याची खात्री कुरतडलेला देठ जवळून पाहिल्यावर होते. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते खालचे दात आणि वरची कठीण हिरडी यांच्यात देठ धरून हिसडा देते, त्यामुळे तुटलेल्या टोकाशी तंतू लोंबतात. सशाने खाल्लेला देठ मात्र कात्रीने तिरका छाटल्यासारखा स्वच्छ दिसतो. मोडलेले टोक ओलसर आणि हिरवे असेल, तर खाणारा कालपरवाच येऊन गेला असे समजावे.

लेंड्याही असेच बोलतात. पाणीदार पाला खाण्याच्या दिवसांत त्या मऊ आणि एकमेकींना चिकटलेल्या असतात, तर काड्या आणि सुकी पाने खाऊ लागल्यावर सुट्या आणि टणक होतात. ताजी लेंडी ओलसर चमकते, पण उन्हात ती चमक लवकर जाते. मात्र लेंडीच्या आकारावरून नर की मादी हे सांगणाऱ्यावर फारसा विश्वास ठेवू नये. खुरांच्या ठशांमागे दोन बारीक टिंबे उमटली म्हणजे नर, हीही अशीच एक लाडकी समजूत आहे. ती टिंबे मागच्या आखूड खुरांची असतात आणि चिखल पुरेसा मऊ असला की मादीच्या पावलांमागेही उमटतात.

नराची खरी सही झाडावर मिळते. वसंतात फुटलेली त्याची शिंगे उन्हाळाभर मखमली कातडीखाली वाढत असतात. त्या कातडीतील रक्तवाहिन्या वाढत्या हाडाला पोसतात. दिवस लहान होऊ लागले की मेंदूतील पिनिअल ग्रंथीमार्फत ही बातमी शरीराला कळते, टेस्टोस्टेरॉन हे नरसंप्रेरक वाढते, शिंगे घट्ट होतात, रक्तपुरवठा थांबतो आणि ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बहुतेक नरांची मखमल उतरते. एका नराला या कामासाठी बहुधा एखादा दिवसच पुरतो. ताडोब्यातील चितळांमध्ये मखमली शिंगांचे नर वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत दिसतात. उत्तरेकडील कडक हिवाळ्यामुळे पाडसे ठरावीक काळातच जन्मणे भाग असते, म्हणून विस्कॉन्सिनच्या हरणांना तशी सवलत नाही.

नराने शिंगे घासल्याच्या झाडांवरच्या घासखुणा मखमल काढताना पडतात असे बहुतेकांना वाटते, पण एका दिवसाच्या कामासाठी कोणी महिनोन्‌महिने झाडे सोलत बसणार नाही. नराच्या कपाळावरील ग्रंथी या काळात जाग्या होतात आणि साल सोललेल्या खोडावर तो आपला वास सोडून जातो. तो वास इतर नर आणि माद्या येऊन हुंगतात. ताज्या घासखुणेचे लाकूड फिकट आणि ओले असते, बुंध्याशी सालीचे धागे पडलेले असतात. काही दिवसांत लाकूड तपकिरी पडते आणि धागे वाळून वळतात. मनगटाएवढ्या किंवा त्याहून जाड खोडावरची खूण सहसा थोराड नराची असते; बारीक रोपट्यावरची कोणाचीही असू शकते, कारण मोठा नर लहान झाडालाही सोडत नाही. हंगामाच्या अगदी सुरुवातीला पडणाऱ्या खुणा बऱ्याचदा वयस्क नरांच्याच असतात, म्हणून सप्टेंबरमधली एक जाड घासखूण ऑक्टोबरमधल्या दहा बारीक खुणांपेक्षा मोलाची मानावी.

पुढे सप्टेंबरमध्ये सोयाबीन पिवळे पडते आणि ओकची फळे गळू लागतात. त्यातही पांढऱ्या ओकच्या फळात टॅनिन कमी, म्हणजे तुरटपणा कमी असतो, त्यामुळे हरणे आधी त्याच्याखाली जमतात. शेताच्या बांधावरची खोल रुळलेली वाट अशा वेळी आठवडाभरात ओस पडते. याच सुमारास उन्हाळाभर गुण्यागोविंदाने एकत्र चरणारे नरांचे टोळके फुटते आणि प्रत्येक जण आपल्या शरदातल्या मुलखाकडे निघतो. ऑक्टोबरमध्ये हरणे हालचालच कमी करतात, असे शिकारी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. पण जीपीएस पट्टे बांधलेल्या हरणांच्या नोंदींत हालचाल नोव्हेंबरमधील माजाकडे वाढतच जाताना दिसते. हरीण थांबलेले नसते, ऑगस्टमध्ये टिपलेल्या वाटेवरून ते फक्त उठून गेलेले असते.

एक खूण मात्र या सगळ्या फेरबदलांत टिकते. माजाच्या आधी नर एखाद्या वाकलेल्या फांदीखालची जमीन खुराने उकरून तिथे मुततो. ही उकरण ऑगस्टमध्ये शोधून सापडायची नाही, तिथे गवत असते. परंतु वरची फांदी नर आणि माद्या वर्षभर हुंगत, चाटत आणि चेहऱ्याला घासत असतात. हरणाच्या तोंडाच्या उंचीवर लोंबणारी, टोकाशी चावून फाटलेली अशी डहाळी वाटेच्या कडेला दिसली, तर जाणकार तिथे हात न लावता कॅमेरा बांधतो, आणि त्यात येणारी बहुतेक छायाचित्रे रात्रीची असतात.