महागडं पेट्रोल म्हणजे जास्त ताकद?

“१०० ऑक्टेनचं पेट्रोल टाका, कुठलीही गाडी पळते,” हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय.

ऑक्टेनचा आकडा ताकदीचा नाही. दाबाखाली पेट्रोल आपोआप पेट घ्यायला किती विरोध करतं, ते तो सांगतो. काही गाड्यांना बसवलेला सुपरचार्जर हवा दाबून इंजिनात कोंबतो आणि दाबलेली हवा तापते. त्यात जळगाव-भुसावळचा मे महिना! पेट्रोल अवेळी पेटलं की कन्नड घाट चढताना टकटक ऐकू येते. पिस्टनला ती खरंच घातक. म्हणून सुपरचार्जरची पुली (त्याला फिरवणारं पट्ट्याचं चाक) लहान करून दाब वाढवलेल्या गाडीला जास्त ऑक्टेन हवंच. साध्या गाडीला फारसा फरक पडत नाही.

गाडीच्या पुस्तिकेत किमान ऑक्टेन दिलेलं असतं, ते पाहा. मग दोन टाक्या साध्या, दोन महाग, त्याच रस्त्यावर चालवून ॲव्हरेज वहीत लिहा.