टॅपेट वाजत नाहीये? मग तर आधी चेक करा

जुनी डिझेल गाडी वापरणाऱ्यांच्या डोक्यात एक पक्कं बसलेलं असतं, टॅपेटचा, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा, टकटक आवाज यायला लागला की त्यांच्यातल्या फटीचं सेटिंग करायचं, आवाज नाही म्हणजे सगळं ठीक. मीही बरीच वर्षं तसंच धरून चाललो होतो. मग एका थंडीत गाडी सकाळी सुरू व्हायला त्रास द्यायला लागली, सेल्फ मारत राहावा लागायचा, बॅटरी चांगली, हीटर प्लग चांगले, डिझेल व्यवस्थित पोचतंय, आणि इंजिन तर एकदम शांत. शेवटी वरचं कव्हर उघडून फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्त्यांचा संच, घातला तर दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये सगळ्यात पातळ पत्तीसुद्धा शिरेना! वाजणारा व्हॉल्व्ह निदान सांगतो तरी की बघ माझ्याकडे, घट्ट झालेला व्हॉल्व्ह काहीच न बोलता जळत राहतो, आणि हे का होतं ते एकदा नीट कळलं की सेटिंगचं काम आपोआप वेळेवर करावंसं वाटतं.

इंजिनच्या हेडमध्ये प्रत्येक सिलिंडरला किमान दोन व्हॉल्व्ह, एक हवा आत घेणारा इनटेक, दुसरा जळालेला वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट. व्हॉल्व्हला स्प्रिंग बंद ठेवते आणि कॅमशाफ्टवरचा उंचवटा, म्हणजे लोब, रॉकर नावाच्या मधल्या दांडीला दाबून व्हॉल्व्ह उघडतो. कॅमशाफ्ट क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगानं फिरतो, म्हणजे इंजिन 3000 आरपीएमला असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो आणि 25 वेळा आपल्या सीटवर येऊन बसतो. आता लोबची गोल बाजू रॉकरकडे असताना मधे थोडी फट हवी, तीच ती टॅपेटची फट किंवा क्लिअरन्स.

फट मुद्दाम ठेवायची कशाला? कारण धातू तापला की वाढतो. 100 मिलिमीटर लांबीची पोलादी दांडी 100 अंशांनी तापली की साधारण 0.12 मिमीनं लांब होते. ऐकायला काहीच नाही, पण मर्सिडीजचं जुनं ओएम 617 इंजिन घ्या, 1974 मध्ये आलेलं पाच सिलिंडरचं डिझेल, त्यात इनटेकची फट थंड इंजिनवर 0.10 मिमी ठेवायची असते, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीएवढी. एक्झॉस्टची 0.30, आणि टर्बोवाल्या इंजिनला 0.35. इनटेकवरून सतत ताजी हवा जात असते म्हणून तो त्यामानाने थंड राहतो, एक्झॉस्ट मात्र पेटलेल्या वायूच्या झोतात उभा असतो आणि टर्बो लावला की आणखी तापतो, म्हणून त्याला वाढायला जागा जास्त. हेडसुद्धा तापून वाढतंच, पण व्हॉल्व्हइतकं तापत नाही. त्या दोघांच्या वाढीतला जो फरक, तो ही फट सांभाळून घेते.

आता फट शिल्लकच राहिली नाही तर काय होतं ते बघा. व्हॉल्व्ह तापून लांब होतो, वर रॉकर आडवा आहे, त्यामुळे बंद व्हायच्या वेळी तो सीटवर पूर्ण टेकतच नाही, केसाएवढी जागा उघडी राहते. आणि व्हॉल्व्हच्या डोक्यातली बहुतेक उष्णता सीटमधूनच हेडमध्ये जाते, तिथून पाण्यात. 3000 आरपीएमला एक पूर्ण चक्र 40 मिलिसेकंदांचं, त्यातला साधारण दोन तृतीयांश वेळ व्हॉल्व्ह बंद असतो, तेवढ्यातच त्यानं गार व्हायचं. तो टेकलाच नाही तर उष्णता जायची वाट बंद, वर त्या फटीतून जळता वायू जोरात बाहेर निसटतो आणि कड कापत नेतो. कड जळाली की मग सेटिंगनं काही होत नाही, हेड खोलावं लागतं.

मला स्वतःला सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट ही की इंजिन चालून चालून फट वाढेल असं आपल्याला वाटतं, झीज म्हणजे जागा वाढणार ना. कॅम आणि रॉकर झिजले तर वाढतेच. पण व्हॉल्व्ह सीटवर लाखो करोडो वेळा आपटून सीट आणि व्हॉल्व्हची कड दोन्ही थोडी थोडी झिजतात, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो, त्याची दांडी रॉकरच्या जवळ जाते आणि फट कमी होते. एक्झॉस्टच्या बाजूला हे जास्त होतं. म्हणजे झीज वाढतेय आणि आवाज उलटा कमी होतोय!

डिझेलमध्ये हे पेट्रोलपेक्षा जास्त का जाणवतं, तर इथे ठिणगी नाही. रुडॉल्फ डिझेलनं 1897 मध्ये ऑग्सबर्गला जे इंजिन चालवून दाखवलं त्याचा सगळा आधार हाच होता की हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनंच इंधन पेटावं. ओएम 617 मध्ये हवा जवळपास 21 पटीनं दाबली जाते आणि चालत्या इंजिनात ती 500 अंशांच्या वर तापते. पण थंड सकाळी स्टार्टर इंजिनला हळूहळू फिरवतो, दाबलेल्या हवेला गळायला भरपूर वेळ मिळतो, थंड भिंती उष्णता ओढून घेतात, आणि त्यात व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल तर तापमान पुरेसं वर जातच नाही. इनटेक घट्ट असेल तर तो बंदही उशिरा होतो, म्हणजे दाबायला सुरुवातच उशिरा. म्हणून सकाळी सुरू व्हायला वेळ, मागून पांढरा धूर, सुरुवातीला मिसिंग, असं दिसलं की इंजेक्टर आणि पंपावर खर्च करायच्या आधी टॅपेट बघा असं मी प्रत्येकाला सांगतो.

फट जास्त झाली तर आवाज येतो, कारण लोबच्या सुरुवातीला एक हलका चढ ठेवलेला असतो, रॉकरला हळू टेकवून उचलण्यासाठी. फट मोठी झाली की तो चढ वाया जातो आणि लोबची वेगवान बाजू थेट येऊन ठोकते. व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर बंद होतो, इंजिनचा श्वास थोडा आखडतो. वाईटच आहे, पण जळण्याइतकं नाही.

काम घरी करण्यासारखं आहे, घाई नको एवढंच. इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभी गाडी सगळ्यात उत्तम. हँडब्रेक, न्यूट्रल, आणि बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. हे शेवटचं टाळू नका. मेकॅनिकल पंपाच्या जुन्या डिझेलला चालायला विजेची गरज नसते, क्रँक फिरवायला म्हणून सेल्फचा झटका दिला आणि इंजिन पेटलं तर तुमचा हात नेमका पट्ट्याजवळ असेल. क्रँकच्या पुढच्या बोल्टला सॉकेट लावून हातानं फिरवा, ओएम 617 ला 27 मिमीचा लागतो, आणि इंजिन चालतं त्याच दिशेनं. थोडं पुढे गेलं म्हणून उलटं फिरवू नका, क्रँक आणि कॅमला जोडणाऱ्या टायमिंग चेनला ढील पडते, त्यापेक्षा पूर्ण फेरा मारून परत या.

चार सिलिंडरच्या इंजिनात, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2 असेल तर, जुना सोपा हिशोब चालतो. चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलताना दिसले, एक मिटतोय आणि दुसरा उघडायला लागलाय, की एक नंबर सेट करायचा. तसंच दोन हलले की तीन, एक हलले की चार, तीन हलले की दोन. पाच सिलिंडरमध्ये अशा जोड्याच जमत नाहीत, तिथे सरळ एकेका लोबचं टोक रॉकरपासून उलट बाजूला, वर आलं की तेवढाच व्हॉल्व्ह करायचा. कुठला इनटेक कुठला एक्झॉस्ट ते मॅनिफोल्डचे पाईप बघून आधी कागदावर लिहून घ्या, कारण एक्झॉस्टला चुकून 0.10 दिली तर आपणच तो जाळायची सोय केली.

या मर्सिडीजमध्ये पत्ती कॅम आणि रॉकरच्या मधे घालायची. व्हॉल्व्हच्या डोक्यावर दोन नट असतात, दोन्हीला 14 चा पाना, एक धरायचा दुसरा फिरवायचा, आणि खालची स्प्रिंगची वाटी सोबत फिरायला लागली तर तिला तिसरा पाना. जागा अडचणीची म्हणून वाकवलेले पाने मिळतात, ते खरंच उपयोगी पडतात. पत्ती ओढताना हलकी घासत यावी, अडकू नये आणि सुळकन निघूही नये. ही "हलकी" म्हणजे किती हे पहिल्यांदा कळत नाही, त्यावर माझा उपाय असा की 0.30 सेट करत असाल तर 0.25 आरामात गेली पाहिजे आणि 0.35 शिरता कामा नये. लॉकनट आवळताना फट हमखास बदलते, म्हणून आवळल्यावर परत मोजायचं, मला तरी एका व्हॉल्व्हला दोन तीनदा करावंच लागतं. आणखी एक, रॉकरचा घासणारा भाग झिजून खळगा पडला असेल तर सपाट पत्ती खळग्याच्या काठांवर टेकते, खरी फट मोजलेल्यापेक्षा जास्त असते, सेट करूनही आवाज जात नसेल तर तिथे बघा.

सगळ्या इंजिनांना स्क्रू किंवा नट नसतात. फोक्सवॅगनच्या जुन्या 1.6 डिझेलमध्ये कॅमखाली बादलीसारखा टॅपेट आणि त्याच्यावर चकती, फट बदलायची तर चकती बदलायची, त्या 0.05 मिमीच्या फरकानं येतात. तिथे टॅपेट दाबून चकती काढताना पिस्टन टॉपला असता कामा नये, नाहीतर व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर टेकतो, क्रँक पाव फेरा पुढे नेऊन मग दाबायचं. तिथे मोजमापही कोमट इंजिनवर असतं, इनटेक 0.20 ते 0.30, एक्झॉस्ट 0.40 ते 0.50. त्यानंतरच्या बऱ्याच डिझेलमध्ये हायड्रॉलिक टॅपेट आले, तेलाच्या दाबावर फट स्वतःच भरून काढणारे, त्यात सेट करण्यासारखं काही नाही. त्यामुळे कव्हर उघडण्याआधी आपल्या इंजिनचं मॅन्युअल बघा, दुसऱ्या गाडीचे आकडे इथे चालत नाहीत.

कव्हर बसवताना गॅस्केट कडक झालं असेल तर नवंच घाला, बोल्ट जास्त आवळून गळती थांबत नाही, उलट कव्हर वाकतं.

आणि पाना लावायच्या आधी प्रत्येक व्हॉल्व्हची सापडलेली फट वहीत लिहा, किलोमीटरसकट. सेट केलेला आकडा सगळ्यांचा सारखाच असतो, सापडलेला आकडा मात्र त्या त्या व्हॉल्व्हची तब्येत सांगतो. माझ्या वहीत तीन नंबरचा एक्झॉस्ट दर वेळी बाकीच्यांपेक्षा जास्त घट्ट सापडतोय, म्हणजे त्याची सीट जास्त वेगानं खचतेय, त्यामुळे आता त्या गाडीचं सेटिंग मी निम्म्या अंतरावर आणलंय आणि पुढच्या वेळी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाबही मोजणार आहे.