घरचं लिंबू : रोप की कलम? एका जुन्या घोळाची पार्श्वभूमी

गच्चीवरचं लिंबू फळत नाही अशी तक्रार कोणी केली, की ऐकणारा पहिल्यांदा विचारतो, "रोप (बियांपासून उगवलेलं) आहे की कलम?" उत्तर बहुतेक वेळा "कलम" असंच येतं, कारण नर्सरीवाल्याने तेच सांगितलेलं असतं. इथून पुढे चर्चा खताकडे वळते आणि मूळ गोष्ट राहून जाते. ती म्हणजे, "कलम" एवढ्या एका शब्दावरून त्या झाडाबद्दल फारसं काही कळत नाही.

लिंबाचा फार जुना इतिहास इथे थोडक्यात पुरे. संस्कृत वैद्यक ग्रंथांत मातुलुंग येतं, ते आपलं महाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात तेच फळ आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या जनुकीय अभ्यासांनी दाखवून दिलं, की कागदी लिंबू हा मुळातच संकर आहे: आई फिलिपिन्सकडचं एक बारीक फळाचं रानटी झाड आणि बाप महाळुंग. परदेशी पिवळ्या, लांबट लेमनचा बापही महाळुंगच. आई मात्र कडू संत्र्याची. म्हणजे आपलं लिंबू आणि बाजारातलं लेमन ही सावत्र भावंडं. ईडलिंबू नेमकं कोणतं, यावर मात्र दोन गावांचं एकमत होणार नाही. त्या वादात इथे शिरत नाही.

आता कलम. शब्द अरबी-फारसीतून आला. मूळ अर्थ बोरू, तिरका कापून टोक काढलेला. त्या तिरक्या कापावरूनच तो बागेत आला असावा. मराठीत मात्र तो इतका पसरला, की बी न लावता केलेलं काहीही कलम झालं. फांदी तोडून मातीत खोचली तरी कलम (छाट कलम). झाडावरच्याच फांदीची साल गोल काढून, ओलं शेवाळ बांधून मुळं फोडली तरी कलम (गुटी). एका झाडाच्या खुंटावर (मुळांसकटच्या बुंध्यावर) दुसऱ्याचा डोळा (फांदीवरचा कोंब) भरला, तर तेही कलम. पहिल्या दोन्हींत झाड मुळापासून शेंड्यापर्यंत एकच असतं. तिसऱ्यात ती दोन झाडं असतात, आणि खालचं कधी डोकं वर काढेल याचा नेम नसतो. नर्सरीच्या पाटीवर "कलमे मिळतील" असं लिहिलेलं असतं तेव्हा यातलं कोणतं, हे विचारणारा गिऱ्हाईक मी फार क्वचित पाहिला.

आंबा, चिकू यांच्या बाबतीत कलमाचा आग्रह बरोबरच आहे. हापूसची कोय लावून हापूस मिळेल याची खात्री नाही. लिंबाचं तसं नाही. 1719 साली सूक्ष्मदर्शकातून संत्र्याची बी पाहणाऱ्या एका डच माणसाला एकाच बीत दोन गर्भ दिसले. हे जादा गर्भ परागातून नव्हे, तर आईच्याच पेशींतून तयार होतात, हे 1878 मध्ये स्पष्ट झालं. कागदी लिंबाच्या बीत हा प्रकार भरपूर. एक बी पेरा, दोन-तीन अंकुर येतात, आणि त्यातले बहुतेक आईची हुबेहूब नक्कल असतात. उंचीने, पानाने जो एखादा वेगळा दिसतो तो संकराचा. तो उपटून टाकायचा, बाकीचे ठेवायचे. म्हणूनच महाराष्ट्रात लिंबाच्या बागा पिढ्यानपिढ्या बियांच्या रोपांवर उभ्या राहिल्या. साई शरबतीसारखं सुधारित वाणही शेतकऱ्यांनी रोपं आणूनच लावलं. हे करून पाहायला नर्सरीत जावं लागत नाही. झाडावर पिकून पिवळं झालेलं लिंबू घ्या, बियांवरचा बुळबुळीतपणा धुऊन टाका आणि त्याच दिवशी पेरा. वाळवून डबीत ठेवलेली बी उगवत नाही, आणि मग दोष लिंबाला दिला जातो.

मग लिंबाला कलमाचा मान कुठून आला? माझ्या मते संत्रा-मोसंबीकडून. ती झाडं डोळा भरूनच करतात. बी पेरून ती हुबेहूब येत नाहीत असं नाही. नागपुरी संत्र्याची बीसुद्धा बहुगर्भीच असते. खरं कारण मुळांचं. स्वतःच्या मुळांवरचं संत्रं डिंक्याला (खोडातून डिंक गळण्याच्या रोगाला) लवकर बळी पडतं आणि फळायला जास्त वर्षं घेतं. म्हणून खाली जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचा पेन्सिलीएवढा जाड खुंट आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर डोळा. चुनखडीच्या, क्षाराच्या जमिनीत रंगपूर जास्त तग धरतो, तर जंबेरी जोमदार वाढतो पण डिंक्याला त्यामानाने नाजूक. कोणता खुंट चांगला, यावर विदर्भात कित्येक दशकं वाद झडले. गंमत म्हणजे हा खुंट बियांपासूनच करतात, आणि तोही बहुगर्भी बीच्या भरवशावर, म्हणजे सगळे खुंट सारखे येतात. कलमाचा सगळा डोलारा असा रोपावरच उभा आहे.

1990 नंतर रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड सुरू झाली आणि तालुक्या-तालुक्याला रोपवाटिका निघाल्या. अनुदान, पंचनामा, जगलेल्या झाडांची टक्केवारी, सगळीकडे "कलम" हा शब्द घट्ट झाला. कलम म्हणजे चांगलं, रोप म्हणजे गावठी, ही समजूत तिथूनच पक्की झाली, आणि शेतातून ती शहरातल्या कुंडीपर्यंत आली.

आमच्या शेजारच्या काकूंच्या बाल्कनीत सात वर्षांचं एक "कलमी कागदी" आहे. पहिल्या उन्हाळ्यात वरचा भाग वाळला, खालून जोमदार काटेरी धुमारे आले, आणि काकू खूश झाल्या की झाड वाचलं. सहाव्या वर्षी फळ धरलं: मुठीएवढं, जाड सालीचं, वर गाठी आणि सुरकुत्या, रस जेमतेम चमचाभर. ती जंबेरी होती. डोळा मेला होता आणि खुंट राजा झाला होता. जोडाच्या खालून फुटलेलं काहीही तेव्हाच नखाने खुडायला हवं होतं, पण नर्सरीत त्यांना जोड कुठे आहे हेच कोणी दाखवलं नव्हतं. काकू आता त्या फळांनी तांब्याची भांडी घासतात.

गुटीची बाजूही मांडायला हवी. बियांचं रोप जमिनीत चौथ्या-पाचव्या वर्षी फळतं, कुंडीत त्याहून उशिरा, आणि तोवर नुसते काटे. गुटी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लिंबं देते. तिला सोटमूळ नसतं, म्हणून शेतात वादळात ती आडवी होते. पण अठरा इंची कुंडीत सोटमुळाला जायला जागा तरी कुठे असते? एवढं सगळं मान्य करूनही, जमिनीचा तुकडा असेल तर मी बीच पेरीन. ट्रिस्टेझा हा विषाणू बीतून उतरत नाही, फांदीतून आणि डोळ्यातून उतरतो. आणि कागदी लिंबू त्याला इतकं हळवं, की हा रोग ओळखण्यासाठी प्रयोगात तेच झाड लावतात. मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) पुढे तो आणेलच, पण निदान सुरुवात तरी निरोगी होते.

2022 च्या एप्रिलमध्ये एकेक लिंबू दहा-पंधरा रुपयांना गेलं, आणि त्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीत सात-आठ नव्या कुंड्या आल्या. त्यातल्या निम्म्यांवर "सीडलेस, बारमाही" अशी चिठ्ठी होती. हे कागदी नव्हे. बिनबियांचं मोठं लिंबू वेगळ्याच जातीचं असतं, त्याला गुणसूत्रांचे तीन संच असतात म्हणून बी धरत नाही, आणि साहजिकच त्याचं फक्त कलमच होतं. इथे "रोप की कलम" हा प्रश्नच उरत नाही, तरी चिठ्ठीवर "कलमी" हे विशेषण ठळक छापलेलं.

बारमाही या शब्दाचाही असाच घोळ. कागदी लिंबू थोडंथोडं वर्षभर फुलतं, पण भरघोस फूल तीन वेळा: आंब्याला मोहोर येतो तेव्हाचा आंबिया, जूनच्या पावसाबरोबरचा मृग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधला हस्त. उन्हाळ्यातलं महागडं लिंबू हस्त बहराचं. फूल येण्याआधी झाडाला ताण हवा, म्हणजे काही दिवस पाणी तुटायला हवं, आणि हस्ताच्या आधी आपल्याकडे पाऊस पडत असतो. म्हणून तो बहर धरायला बागाईतदारांनाही संजीवकं (झाडाची वाढ आवरणारी औषधं) फवारावी लागतात. गच्चीवर मात्र ताण अगदी हातात असतो. कुंडी पत्र्याच्या आडोशाला सरकवा, पानं मलूल होईपर्यंत पाणी तोडा, मग शेणखत घालून हळूहळू पाणी सुरू करा. रोज सकाळी पूजा आटोपली की तांब्याभर पाणी घालणाऱ्या घरात लिंबाला नुसती पानं येतात, ती यामुळे.

आता खैऱ्या हा रोग. पानावर, फळावर काताच्या रंगाचे खरबरीत ठिपके. 1827 ते 1831 दरम्यान भारतात गोळा करून जपलेल्या वाळक्या पानांवर तो सापडला आहे, म्हणजे पाहुणा नव्हे, घरचाच. अमेरिकेत फ्लोरिडात याच रोगापायी रोगट झाडापासून 1,900 फुटांच्या आतली लोकांच्या अंगणातली निरोगी झाडंही सरकारने तोडली, खटले झाले, आणि 2006 मध्ये मोहीमच सोडून दिली. आपल्याकडे कोणी कुऱ्हाड घेऊन आलं नाही. पावसाळ्याआधी रोगट काड्या छाटायच्या, मोरचूद आणि कळीच्या चुन्याचं एक टक्का बोर्डो फवारायचं, एवढंच. कागदीला तो होणारच. डागाळलेल्या लिंबाचा रस तोच असतो.

पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी पानावर बसलेली असेल तर ती लिंबाच्या फुलपाखराची. वाढली की हिरवी होते, डिवचली की डोक्यावर शिंग काढून उग्र वास सोडते. हाताने वेचली की काम भागतं. वेचताना शेजारच्या कुंडीतला कढीलिंबही (कढीपत्ता) पाहा. तो लिंबाच्याच कुळातला, आणि फुलपाखरू तिथेही अंडी घालतं.